जुनं दिसायला किती पडतात?

मागच्या महिन्यातल्या एका शनिवारी गोखिवऱ्यातल्या एका फर्निचरवाल्याच्या गाळ्यात दोन इलेक्ट्रिक गिटार शेजारीशेजारी पडल्या होत्या. एक माझी. वय वर्षे पाऊण, अंगावर ओरखडा नाही. दुसरी माझ्या मित्राच्या वडिलांची. वय चाळीसच्या पुढे, रंग अर्ध्याहून जास्त उडालेला. माझी जुनी करायची होती आणि त्यांची नवी. पॉलिशवाल्या चाचांनी दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, "साब, पर्ची उलटी तो नहीं लग गयी?"

तर मंडळी, आजचा लेख त्या पर्चीबद्दल आहे.

आधी माझी बाजू सांगतो. मी रोज विरारहून गोरेगावला जातो, दिवसभर कोड लिहितो, परत येतो. गिटार हा वीकेंडचा नाद. पहिल्या बोनसमधून एक बरी स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीची गिटार घेतली. पण प्रॉब्लेम असा की ती फारच नवी दिसते. माझ्या भिंतीवर ज्यांची पोस्टर्स आहेत त्या सगळ्यांच्या गिटार मार खाल्लेल्या आहेत. त्यांच्यापुढे माझी म्हणजे पहिल्या दिवशी शाळेत आलेलं, केसांना तेल लावून भांग पाडलेलं पोर!

मग शोधायला लागलो तर कळलं की हा माझा एकट्याचा आजार नाही. नवीन गिटार मुद्दाम जुनी करायची याला 'रेलिक' करणं म्हणतात आणि त्यात चांगला धंदा आहे. गंमत म्हणजे रेलिक हा मूळचा चर्चमधला शब्द. संतांचे पवित्र अवशेष म्हणजे रेलिक. आमच्या वसईतल्या ख्रिस्ती वाचकांना हे वेगळं सांगायला नको.

या धंद्याची सुरुवात १९९५ सालची. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीच्या कस्टम शॉपने त्या वर्षीच्या वाद्यांच्या मोठ्या व्यापारी प्रदर्शनात दोन गिटार मांडल्या. लोकांना वाटलं, कंपनीने स्वतःच्या संग्रहातल्या पन्नाशीच्या दशकातल्या गिटार शोभेसाठी आणून ठेवल्यात. जवळ जाऊन विचारलं तेव्हा कळलं की दोन्ही नव्याकोऱ्या आहेत. कल्पना कस्टम शॉपमधल्या जे. डब्ल्यू. ब्लॅक यांची आणि हात मिझुरी राज्यातल्या व्हिन्स क्युनेटो यांचा. पुढे १९९९ पर्यंत क्युनेटोंच्या वर्कशॉपमध्ये फेंडरच्या गिटारच्या बॉडी आणि माना जात आणि म्हाताऱ्या होऊन परत येत. याच्यामागे एक दंतकथाही सांगतात. कस्टम शॉपने कीथ रिचर्ड्ससाठी जुन्या मॉडेल्सच्या नव्या प्रती करून दिल्या, तर तो म्हणाला, फार नव्या दिसतात, जरा आपटून आणा. खरं-खोटं तो जाणे.

कंपनीने मग पायऱ्याच ठरवून टाकल्या. एक, दुकानात पडून राहिलेली, कधीच न विकली गेलेली दिसेल अशी. दोन, कपाटात ठेवलेली, अधूनमधून वाजवलेली. तीन, रेलिक, म्हणजे आयुष्यभर रस्त्यावर काढलेली. किंमत अर्थातच साध्या नव्या गिटारपेक्षा जास्त. एरिक क्लॅप्टनची 'ब्लॅकी' नावाची काळी गिटार २००४ साली लिलावात ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरला गेली. २००६ मध्ये फेंडरने तिच्या २७५ प्रती काढल्या. डोक्यावर सिगारेटने भाजल्याचा डाग आहे, तोसुद्धा प्रत्येक प्रतीवर! विचार करा, एका माणसाने सिगारेट विसरून ठेवली आणि तीस वर्षांनी कारखान्यात कुणीतरी तो विसराळूपणा मोजमाप घेऊन २७५ वेळा केला.

पण मुळात गिटारचा रंग असा उडतो कसा? इथून पुढे गोष्ट थेट वसईत येते, म्हणून थोडी केमिस्ट्री सहन करा.

१८४६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या शॉनबाइन नावाच्या शास्त्रज्ञाने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून एक स्फोटक पदार्थ बनवला. तोच नायट्रोसेल्युलोज. बंदुकीच्या दारूची जागा त्याने घेतली. त्याच्याच भावकीत पुढे सेल्युलॉइड आलं. पिंगपाँगचे चेंडू, गिटारची पिकं, सिनेमाची फिल्म, सगळं त्याचंच. दादासाहेब फाळक्यांच्या काळातले मूकपट असल्याच फिल्मवर निघत. ती जुनी झाली की किती भडकू शकते हे पुण्याने २००३ साली पाहिलं. नायट्रेट फिल्म ठेवलेल्या गोदामाला आग लागून भारतीय सिनेमाचा फार मोठा ठेवा राख झाला.

पहिल्या महायुद्धानंतर या नायट्रोसेल्युलोजचं करायचं काय हा प्रश्न दारूगोळ्याच्या कारखान्यांपुढे होताच. ड्यूपाँट कंपनीने १९२३ च्या सुमारास त्यातून गाड्यांसाठी झटपट वाळणारा रंग काढला. आधीचे व्हार्निश वाळायला आठवडे जात, हा काही तासांत वाळे. नाव ठेवलं 'ड्युको'.

ओळखीचं वाटलं? वाटणारच. आपल्याकडचा कुठलाही फर्निचरवाला, गॅरेजवाला आजही स्प्रेने मारलेल्या गुळगुळीत रंगाला ड्युकोच म्हणतो. "शटरला ड्युको मारायचा की सनमायका?" हा प्रश्न वसई-विरारमध्ये फ्लॅट घेतलेल्या प्रत्येकाने ऐकलाय.

लिओ फेंडर कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये गिटार बनवत होता. १९५० च्या सुमारास टेलिकास्टर, १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर. रंगासाठी त्याने वेगळं संशोधन वगैरे केलं नाही. गाड्यांचे ड्यूपाँटचे रंग उचलले. फेंडरचा प्रसिद्ध फिएस्टा रेड हा फोर्ड थंडरबर्डचा रंग, आणि लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकचा. म्हणजे आज जे रंग पवित्र मानले जातात ते मुळात गॅरेजचे रंग आहेत.

या रंगाची खुबी अशी की तो नुसता सॉल्व्हंट उडून वाळतो आणि थर पातळ राहतो. वर्षानुवर्षं आकसत राहतो, उन्हाने पिवळा पडतो. पांढरी गिटार सायीच्या रंगाची होते, निळी हिरवट दिसायला लागते. थंडी-उष्णता झपाट्याने बदलली की लाकूड आणि रंग वेगवेगळ्या गतीने आकुंचन पावतात आणि बारीक तडे जातात. घामाने मऊ पडतो. आयर्लंडच्या रॉरी गॅलाघरची १९६१ ची स्ट्रॅट बघा. त्याने ती १९६३ मध्ये कॉर्कमधल्या एका दुकानातून १०० पौंडांना घेतली आणि जन्मभर वाजवली. एकदा चोरीला गेली आणि नंतर एका खड्ड्यात सापडली. त्याच्या घामाने तिच्यावर नावाला रंग उरला. २०२४ मध्ये लिलाव झाला तेव्हा बोली सात लाख पौंडांवर जाऊन थांबली, आणि गिटार आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देण्यात आली.

साठीच्या दशकाच्या शेवटाकडे मात्र कारखाने पॉलिएस्टर, पॉलियुरेथेनकडे वळले. हे रंग रासायनिक क्रियेने कडक होतात. जाड, चकचकीत, टिकाऊ. घामाला दाद देत नाहीत. थोडक्यात, प्लॅस्टिकचं कव्हर.

माझ्या गिटारवर अर्थातच हेच कव्हर. पण इंजिनिअर माणूस, ऐकतोय कशाला. घरीच प्रयोग सुरू केले. कॉलेजमध्ये पीसीबी एच करायला फेरिक क्लोराइड वापरायचो, ते धातूचे भाग काळवंडायला चालतं असं वाचलं. आणलं, बाल्कनीत बसून स्क्रू आणि ब्रिज त्यात बुडवले. काळवंडले कसले, खाल्लेच गेले. (आणि हो, हातमोजे घाला. माझी बोटं आठवडाभर पिवळी होती आणि ऑफिसात सगळे हळद लागली का विचारत होते.) पांढरे नॉब चहाच्या कडक पाण्यात ठेवले, ते मात्र छान जमलं. कीबोर्ड साफ करायच्या हवेचा डबा उलटा धरून मारला की गार फवारा बसतो आणि रंगाला तडे जातात, तेही केलं. पॉलीला ढिम्म काही झालं नाही. मग पॉलिश पेपर घेऊन कोपराच्या जागी घासलं. तासाभराने जे दिसलं ते रस्त्यावर काढलेलं आयुष्य वाटत नव्हतं, कपबशीचा टवका उडाल्यासारखं वाटत होतं. कडेला रंगाची जाड पांढरी किनार. आई बघून म्हणाली, "उंदीर लागला का रे?"

म्हणून गोखिवरे.

आता दुसरी गिटार. मित्राचे वडील, आम्ही त्यांना अंकल म्हणतो, पापडीजवळ राहतात. नोकरी मुंबईत केली आणि शनिवार-रविवार लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवली, जवळजवळ पस्तीस वर्षं. त्यांच्या तरुणपणी परदेशी इलेक्ट्रिक गिटार ही सहज परवडणारी गोष्ट नव्हती. आयातीवर बंधनं, कस्टम्सची भीती. 'दम मारो दम'ची १९७१ मधली गिटार ऐकून वेडी झालेली पोरं गावोगाव होती, पण हातात घ्यायला काही नाही. कुणाचा भाऊ आखातात किंवा बोटीवर असेल तर गोष्ट वेगळी. अंकलनी मुंबईत एक मोडकी जपानी गिटार मिळवली. मान आणि पिकअप शाबूत होते. बॉडी ओळखीच्या सुताराने सागवानात कापून दिली. (उचलून बघा एकदा, खांदा निखळतो!) आणि रंग? १९८१ साली शेजारच्या मोटार गॅरेजमध्ये एका प्रीमियर पद्मिनीला लाल मारत होते, त्यातला उरलेला मारून घेतला.

हे ऐकलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो. गाडीचा रंग. ड्युको! अंकलच्या गिटारवरचं लाल आणि फुलर्टनच्या फिएस्टा रेडचं कुळ एकच. कोपराखाली सागवान दिसतंय, कडा मऊ झाल्यात, लाल रंग विटेसारखा झालाय, जवळून बघितलं तर बारीक तडे. क्युनेटोंनी जे मोजूनमापून केलं ते वसईच्या खाऱ्या हवेने आणि मे महिन्यातल्या लग्नांच्या घामाने फुकटात केलेलं.

आणि मित्र ती रंगवायला घेऊन निघाला होता! डिसेंबरात घरात लग्न आहे, अंकल स्टेजवर दोन गाणी वाजवणार, म्हणून पोराची भेट. मी त्याला अडवला. म्हटलं, येडा आहेस का, हे पुसलंस तर परत येणार नाही. मग भांडण अंकलसमोर गेलं. मी सगळा इतिहास ओतला. फेंडर, ड्युको, नऊ लाख डॉलर. अंकलनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण रंगवायला मीच सांगितलंय त्याला."

मी गप्प.

"आम्ही वाजवायला जायचो तेव्हा सूट इस्त्रीचा, बूट पॉलिश. लोक पैसे देतात, त्यांच्या घरचं लग्न आहे. मी दर शनिवारी या गिटारला गाडीचं पॉलिश मारायचो. तरी रंग जायचा. रंग गेलेली बाजू मी पोटाकडे वळवून धरायचो. तू फाटकी पँट विकत घेतोस कारण कपाटात धडकी आहे हे तुला ठाऊक असतं. आमच्याकडे जी होती ती एकच होती."

घरी येऊन पुन्हा वाचायला बसलो तेव्हा लक्षात आलं की हेच अमेरिकेतही झालंय, फक्त मी ते पान भराभर उलटलं होतं. साठ-सत्तरच्या दशकांत कितीतरी वादकांनी पन्नाशीतल्या गिटार आपणहून नव्याने रंगवून घेतल्या. रंग उडालेलं वाद्य म्हणजे गरिबी, गबाळेपणा. आज बाजारात अशा पुन्हा रंगवलेल्या गिटारची किंमत साधारण निम्मी होते आणि लोक त्या जुन्या वादकांना मूर्ख म्हणतात. ते मूर्ख नव्हते. त्यांचं ते कामाचं हत्यार होतं.

मग झीज मौल्यवान कधी झाली? मला तीन कारणं दिसतात. पहिलं, नव्यावरचा विश्वास उडाला. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएसने फेंडर कंपनी १३ दशलक्ष डॉलरला घेतली आणि पुढच्या वर्षांत माल घसरला अशी वादकांची तक्रार वाढत गेली. जुन्या गिटारची वेगळी दुकानं साधारण याच सुमारास उभी राहिली. नॅशव्हिलमध्ये जॉर्ज ग्रून यांनी १९७० मध्ये आपलं दुकान काढलं. दुसरं, त्या जुन्या गिटार वाजवणारे देव झाले आणि देवाची वस्तू म्हणजे पुन्हा तो रेलिक शब्द. तिसरं कारण आपण, म्हणजे ऑफिसात बसणारी, हातात पैसा असलेली आणि वेळ नसलेली माणसं. रेलिक गिटार घेताना आपण घासलेला रंग विकत घेत नाही, वीस-तीस वर्षांचा वेळ घेतो. न जगलेला. २००९ मध्ये फेंडरने मेक्सिकोत बनवलेली स्वस्त घासकी मालिकाही काढली, म्हणजे तो वेळ मध्यमवर्गालाही परवडू लागला.

आपल्याकडे हे नवीन आहे म्हणावं तर तसंही नाही. चोरबाजारात 'ब्रिटिश टाइमचं' टेबल घेताना ते कुठल्या महिन्यात तयार झालं हे विचारायची पद्धत आहे. पण घरात आपली रीत उलटीच. पितळेची समई काळी पडली की आई चिंच लावून घासणार. खंडेनवमीला हत्यारं पुसून, तेल देऊन पूजेत ठेवायची. जुनं ते सोनं म्हणतो खरं, पण सोनंसुद्धा आपण उजळून घेतो.

आणि मी राहतो कुठे? वसईत! इथे १५३४ ते १७३९ पोर्तुगीज होते. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर चर्चच्या घंटा महाराष्ट्रभरच्या देवळांत गेल्या. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ हे साल आणि क्रूस अजून आहे. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली तशीच. त्या घंटा कुणी जुन्या दिसाव्यात म्हणून टांगल्या नाहीत. वाजवायच्या होत्या म्हणून टांगल्या. किल्ल्याचे पडके चर्च मात्र आता सीनरी झालेत. प्री-वेडिंगवाले रोज हजर, आणि २०१६ च्या 'हिम फॉर द वीकेंड'साठी कोल्डप्लेसुद्धा येऊन गेले. साहेबांना भग्न भिंती आवडल्या. त्याच किल्ल्यात मासळी सुकवणाऱ्या बाईला विचारा, तिला पक्की भिंत आणि नळाचं पाणी आवडेल.

म्हणजे झीज सुंदर आहे की लाज आणणारी, हे ती कुणी सोसलीय त्यावर आहे. अंकलची झीज मी माझ्या पर्चीवर लिहून घेऊ शकत नाही, आणि ती ठेवा म्हणून त्यांना सांगायचा अधिकारही मला नाही.

तर गिटार रंगवली. चाचा म्हणाले, आता ड्युको नावालाच, सगळं पीयूच मारतो. म्हणजे प्लॅस्टिक. माझ्या पोटात खड्डा पडला. अंकल म्हणाले, "टिकेल ना? मग मार." फक्त एक अट घातली. मानेच्या मागे हात लावायचा नाही. मला वाटलं आता काहीतरी हृद्य बोलणार. म्हणाले, "तिथे रंग आला की अंगठा चिकटतो." बिल २८०० रुपये. लाल अगदी रसरशीत आलाय. अंकलनी ती खांद्यावर घेऊन आरशात बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होता. रंगवायच्या आधी मी तिचे साठेक फोटो काढून ठेवलेत, त्यांना विचारून. माझा हट्ट तेवढ्यावर भागवला.

माझी गिटार तशीच परत आणली. उंदीर लागलेली जागा तशीच ठेवलीय, शिक्षा म्हणून.

एक हिशेब मात्र केला, सवयच वाईट. अंकल वर्षाला साधारण चाळीस लग्नं, एकेका लग्नात तीन तास, पस्तीस वर्षं वाजवत होते. म्हणजे ४२०० तास. मी रात्री विरार फास्टमधून उतरून, जेवून, रोज वीस मिनिटं वाजवतो. वर्षाला १२० तास. तेवढं व्हायला मला पस्तीस वर्षं लागतील. आज अठ्ठावीसचा आहे, म्हणजे त्रेसष्ट. बॉडीवर पॉली आहे, ती तेव्हाही चकचकीतच असणार.

मान मात्र मॅट फिनिशची आहे. परवा ट्यूबलाइटखाली तिरकी धरली तर मागच्या बाजूला, अंगठा टेकतो तिथे, एक छोटासा चकचकीत पट्टा दिसला. कंपनीने दिलेला नाही, मीही घासलेला नाही.

असो. पुढचा शनिवार अभ्यंकर, म्हणजे फक्त वाजवायचा. लेख बहुधा त्याच्या पुढच्या आठवड्यात.